खुर्ची राखणारी

बँडवाले सकाळी दहालाच येऊन दारातल्या पिलीच्या झाडाखाली बसले होते. आता जेवणं झाल्यावर मोठा ढोल वाजवणारा त्याच ढोलाला टेकून घोरत होता आणि त्याला उठवायची कुणालाच घाई नव्हती. मिरवणूक तीनला निघायची होती. आज अर्ज भरायचा शेवटचा दिवस, निवडणूक कचेरीचं दार पाचला बंद होणार. माद्रियागा घराण्याचा उमेदवार शेवटच्याच दिवशी अर्ज भरतो, हे सगळ्या सान विदाल गावाला ठाऊक होतं. इतरांना आधी येऊन जाऊ द्यायचं, मग आपण वाजतगाजत जायचं. फेलिंगच्या सासऱ्यांनी, साऱ्या गावाच्या लोलो म्हणजे आजोबा इसिद्रोंनी, घालून दिलेली ही रीत.

फेलिंग मागच्या पायरीवर नातीला भरवत बसली होती. गायोन अकरा महिन्यांची होती. तिला चार दात आले होते आणि त्या चारांवर ती सगळं जग चावून बघायला निघाली होती. नारळाच्या दुधात शिजलेल्या अळूतली मिरची फेलिंगने एका बाजूला सारली, गुठळीभर भात त्यात मऊ केला आणि घास पुढे नेला. तेवढ्यात पोरीने घास सोडून शेजारच्या वेताच्या पिशवीत हात घातला आणि पिवळ्या पाकिटाचा कोपरा ओढून थेट तोंडात घातला.

"हे नको गं राणी," फेलिंगने पाकीट हळूच सोडवून घेतलं. कोपरा ओला झाला होता, पण कागद आत शाबूत होता.

सोमवारपासून ते पाकीट तिच्याबरोबर हिंडत होतं. कचेरीत गेलं होतं, बाजारात गेलं होतं, बुधवारी चर्चमध्येही जाऊन आलं होतं. आत काय आहे ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिची मुलगी आयिंग, जिची ही गायोन, तिलासुद्धा नाही. आणि खरं सांगायचं तर आत्ता या क्षणापर्यंत फेलिंगला स्वतःलाही माहीत नव्हतं, की ते पाकीट आज उघडायचं की चुलीत घालायचं.

तिच्या नवऱ्याची, मेमोंगची, मेयरपदाची नऊ वर्षं संपली तेव्हा, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, घरात काही चर्चासुद्धा झाली नव्हती. सलग तीनदा निवडून आलेल्याला चौथ्यांदा उभं राहता येत नाही. मग मधली एक खेप बायकोला उभं करायचं, तीन वर्षं तिने खुर्ची राखायची आणि मग नवऱ्याने परत यायचं. शेजारच्या तीन गावांत असंच चाललं होतं. बावीस वर्षं शाळेत शिकवणाऱ्या, गावातल्या पोरांच्या तोंडी 'माएस्त्रा', म्हणजे शाळेतल्या बाई, असलेल्या फेलिंगला मेमोंगने जेवताजेवता सांगितलं होतं, "शाळेत रजेचा अर्ज दे. तीन वर्षांचा." तिने दिला. फलकांवर मेमोंगचा चेहरा मोठा आणि तिचा त्याच्या खांद्यामागे, बशीएवढा. मतपत्रिकेवर छापायला उमेदवाराने लोकांच्या तोंडचं आपलं नाव द्यायचं असतं. ते मेमोंगनेच लिहिलं होतं: 'मिसेस मेमोंग'.

आणि ती छत्री.

साठेक वर्षांपूर्वी लोलो इसिद्रो पहिल्यांदा अर्ज भरायला निघाले तेव्हा अंगात ताप होता आणि ऊन मी म्हणत होतं. तेव्हा त्यांच्या बायकोने, आता सगळ्यांची लोला म्हणजे आजी झालेल्या सेंताने, घरापासून नगर कचेरीपर्यंत त्यांच्या डोक्यावर काळी छत्री धरली. ते निवडून आले. तेव्हापासून माद्रियागांच्या उमेदवाराच्या डोक्यावर लोला सेंताची छत्री असते, आणि गाव बँडकडे नव्हे, छत्रीकडे बघतं. गेल्या खेपेला उमेदवार फेलिंग होती, पण मेमोंग सवयीने मधोमध चालत राहिला आणि लोलाचा हातही सवयीने त्याच्या डोक्यावर गेला. फेलिंग उन्हात चालली. चार दिवस तिचा डावा गाल भाजल्यासारखा लाल होता. त्यावर कुणी काही बोललं नाही, कारण कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आतून हाक आली. तिकोय बोलावत होता, सगळे टेबलाशी जमले होते.

तिकोय म्हणजे मेमोंगचा धाकटा भाऊ. वकील, नगर परिषदेचा सभासद, आणि या खेपेला उपमेयरपदाचा उमेदवार. टेबलावर त्याने कागद मांडले होते, आणि प्रत्येकावर जिथे सही हवी तिथे छोटी पिवळी चिठ्ठी डकवली होती. तीन वर्षं फेलिंगच्या टेबलावर कागद असेच यायचे. पहिले सहा महिने ती चिठ्ठी दिसेल तिथे सही करायची. मग एक दिवस शाळेतल्या सवयीने कागद वरपासून खालपर्यंत वाचायला लागली, आणि तिकोयचं डोकं दुखायला लागलं.

मेमोंग टेबलाच्या टोकाशी बसला होता. अंगात इस्त्रीचा पांढरा बारोंग, म्हणजे समारंभाचा सदरा, आणि केस मागे वळवलेले. उजवीकडे त्याची थोरली बहीण पासिंग, खालच्या वस्तीची कप्तान, म्हणजे निवडून आलेली प्रमुख, जाडजूड आणि तिखट जिभेची. खिडकीपाशी झुलत्या खुर्चीत लोला सेंता डोळे मिटून बसली होती. शहाऐंशी वर्षांची. ती झोपली आहे की ऐकते आहे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

"मनाय, आधी ही एक सही," तिकोय म्हणाला. थोरल्या बहिणीला आणि वहिनीलाही इथे मनाय म्हणतात, थोरल्या भावाला मनोय. "मनोयचं नामनिर्देशन. बाकीचे कागद मागाहून."

फेलिंगने गायोनला कडेवर घेतलं आणि कागद वाचला. पक्षातर्फे सान विदालच्या मेयरपदासाठी आन्सेल्मो माद्रियागा यांना उमेदवारी देण्यात येत आहे. मेमोंगचं हे कागदावरचं नाव. खाली जागा होती पक्षाच्या गावातल्या अध्यक्षाच्या सहीची.

ती अध्यक्ष फेलिंग होती. तीन वर्षांपूर्वी विरोधक म्हणायला लागले, ही बाई नवऱ्याची बाहुली आहे. तेव्हा तोंडं बंद करायला तिकोयनेच शक्कल काढली, की पक्षाचं गावातलं अध्यक्षपदही वहिनीच्या नावावर करू. उमेदवाऱ्यांवर सही करायचा अधिकारही तिलाच देऊ, म्हणजे कागदोपत्री सगळं तिच्या हातात दिसेल. तसं पत्र पक्षाच्या राजधानीतल्या कचेरीत जाऊन पडलं. नंतर त्यात बदल करायचं घरात कुणाला सुचलं नाही. कशाला सुचेल? फेलिंग सही करतेच.

"ही मी करणार नाही," फेलिंग म्हणाली.

तिकोय समजुतीने हसला. त्याला वाटलं, पेन चालत नाही. त्याने दुसरं पुढे केलं.

"पेन नको. सही करणार नाही, असं म्हणाले मी."

झुलत्या खुर्चीची करकर थांबली. आयिंग ताटं उचलत होती, तिचा हात तसाच राहिला. मेमोंगने आधी तिकोयकडे बघितलं, मग बायकोकडे, आणि मग तोही हसला, घरातल्या लहान मुलाने अवघड शब्द बोलावा तसा.

"काय झालं? कशावर रागावलीस?"

रविवारचं त्याच्या लक्षातसुद्धा नव्हतं. रविवारी चर्चनंतर मित्रांसमोर त्याने सहज सांगून टाकलं होतं, की निवडून आल्यावर पहिलं काम म्हणजे डोंगरावर तिनागोच्या वस्तीत वडिलांच्या नावाने बास्केटबॉलचं मैदान, वर पक्कं छप्पर, चारही खांबांवर 'इसिद्रो माद्रियागा'. जागा कोणती, असं कुणीतरी विचारलं. तो म्हणाला, फेलिंगने ते बाळंतपणाचं घर बांधलंय ना, तीच सपाट जागा आहे वर. बायका काय, खाली येतील.

खाली येतील. तिनागोहून खाली यायला तीन तास लागतात आणि मध्ये दोनदा नदी आडवी येते. फेलिंगने ते घर तीन खोल्यांचं बांधलं होतं. दोन सुइणी, चार खाटा, पाण्याची टाकी. गेल्या वादळात आयिंग दिवस भरलेली असताना नेमकी वर नवऱ्याच्या घरी अडकली आणि पूल वाहून गेला, तेव्हा गायोनचा पहिला टाहो त्या घरातल्या भिंतींनी ऐकला होता. फेलिंग खाली शाळेत, आसऱ्याला आलेल्या नऊशे लोकांच्या भातामागे. दुसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस नदी पोहून आला आणि म्हणाला, मेयरबाई, मुलगी आहे, दोघी बऱ्या आहेत. तेव्हा ती भाताचा डाव हातात धरूनच खाली बसली होती.

हे सगळं तिने आता सांगितलं. आवाज चढवला नाही. शाळेत गणित समजावून सांगावं तसं एकेक पायरी घेत सांगितलं. बोलताना गायोन तिच्या कानातल्याशी खेळत होती.

"एवढंच ना," मेमोंग म्हणाला. "मैदान दुसरीकडे करू. झालं? कर सही."

"आज दुसरीकडे करशील. पुढच्या वर्षी एखाद्या मित्राला गोदाम हवं असेल."

"फेलिंग." आता तो हसत नव्हता. "तुला तीन वर्षं खुर्ची राखायला बसवली होती. ती राखलीस, चांगली राखलीस. आता ऊठ."

सव्वीस वर्षांचा संसार होता, आणि या माणसाला तिने चारचौघांत कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. पण पोरीचं वजन कडेवर होतं, आणि त्या वजनाने तिला जमिनीवर घट्ट उभं केल्यासारखं झालं.

"तुझ्या खुर्चीत मी एकही दिवस बसलेले नाही, मेमोंग. पहिल्याच दिवशी तू सांगितलंस, उंची बदलू नको, माझ्या पाठीला सवय आहे. म्हणून मी तिच्यावर प्लास्टिक घालून ती भिंतीला लावली आणि शाळेतली माझी वेताची खुर्ची आणून बसले. गावातल्या सगळ्यांनी बघितलंय. तूच कधी आत आला नाहीस, तर तुला कसं माहीत असणार? तुझी खुर्ची जशी होती तशी आहे. मी तुला घरपोच पाठवते."

पासिंगच्या नाकातून आवाज आला. तिने तो खोकला असल्याचं दाखवलं, पण जमलं नाही.

मेमोंग बहिणीकडे वळला. त्याला तिथून आधार हवा होता, आणि इतकी वर्षं तो तिथून मिळत आलाही होता. पण पासिंग खांद्यावरच्या टॉवेलने वारा घेत राहिली. मग म्हणाली, की खुर्चीचा विषय निघालाच आहे तर तिलाही एक आठवतंय. वादळाच्या तिसऱ्या दिवशी फोन लागला तेव्हा मेमोंग राजधानीत हॉटेलात होता. तिच्या वस्तीतली चाळीस घरं छपरासकट गेली होती, आणि भावाने पहिला प्रश्न काय विचारला?

"माझी खुर्ची भिजली का, हेच विचारलंस तू मला. मी कुणाला सांगितलं नाही. भाऊ आहेस."

"मनाय, मी गमतीने..."

"असशील. मी तेव्हा छातीइतक्या पाण्यात उभी होते, मला गंमत कळली नाही."

तिकोय एव्हाना खोलीच्या कोपऱ्यात जाऊन राजधानीत फोन लावत होता. तिथे त्याचं बोलणं कमी आणि ऐकणं जास्त चाललं होतं. परत आला तेव्हा त्याने गळ्याचं बटण सोडलं होतं. त्याने वकिली चालीने सांगितलं, की सही करणाऱ्याचं नाव बदलायची मुदत गेल्या महिन्यात गेली. पक्षाची उमेदवारी फक्त वहिनीच्याच सहीने चालेल. मनोयला अपक्ष उभं राहता येईल, त्याला कायद्याची आडकाठी नाही. आणि मग, जणू आत्ताच सुचलं असं, त्याने विचारलं की उपमेयरपदाच्या कागदाचं काय.

"तुझ्या कागदावर मी सकाळीच सही करून ठेवलीय, तिकोय," फेलिंग म्हणाली. "परिषदेच्या आठही जणांच्या कागदांवर केलीय. कुणाचा रस्ता मला अडवायचा नाही."

तिकोयने श्वास सोडला, आणि तो श्वास इतका मोठा होता की मेमोंगने वळून बघितलं. भाऊ टेबलाच्या या बाजूहून त्या बाजूला कधी गेला, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"आणि मेयरपदाला कोण?" मेमोंगने विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं.

फेलिंगने पिवळं पाकीट टेबलावर ठेवलं. कोपऱ्यावर चार दातांच्या खुणा होत्या. तिकोयने ते उघडलं, वाचलं, उलटून बघितलं. सोमवारची तारीख, पक्षाचा शिक्का, आणि दोन ठिकाणी एकच सही: नेमणारी आणि नेमलेली. अध्यक्षाने स्वतःलाच नेमलं तर चालतं का, असं आयिंगने हळूच विचारलं. तिकोय म्हणाला, चालतं. मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाला, "मीच करून ठेवलंय तसं."

मेमोंग उठला. चेहरा लाल झाला होता, पण तो ओरडला नाही. ओरडायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. तो म्हणाला, ठीक आहे, पक्ष तुझा, कागद तुझे. मी अपक्ष जातो. गाव कागद वाचत नाही, गाव छत्री बघतं. आणि तो खिडकीकडे वळला.

"मामाय, तीन वाजत आले. चल."

लोला सेंताने डोळे उघडले. ती झोपली नव्हती. सगळं ऐकलं होतं, हे तिच्या नजरेत दिसत होतं. तिने हात पुढे केला. आयिंगने दाराआडची काळी छत्री आणून त्या हातात दिली. फेलिंगचं सगळं लक्ष त्या सुरकुतल्या मुठीवर होतं. कागद तिच्याकडे होता, पण आपल्याच नवऱ्याच्या डोक्यावर छत्री आणि आपण वेगळ्या रस्त्याने, असं गावाने बघितलं तर अर्धी मतं इथेच, दारातच, गेली होती. आणि मतं गेली की डोंगरावरच्या त्या चार खाटाही गेल्या.

"तुझ्या बापाने," लोला मेमोंगला म्हणाली, "आयुष्यात चेंडूला हात लावला नाही."

हसावं की नाही ते कुणाला कळेना.

"चार खांबांवर नाव लिहिणार होतास. मला पाच मुलं झाली, तुम्ही तिघं आहात. दोन मी बैलगाडीत, नदीच्या काठाशी, हातातून घालवली. तेव्हा मी तिनागोलाच राहत होते. त्यांची नावंसुद्धा ठेवली नव्हती, तर लिहू कुठे?" ती थांबली. दम लागला होता. "साठ वर्षं मी ही छत्री पुरुषांच्या डोक्यावर धरली. गेल्या खेपेला चुकून धरली. ह्या पोरीचा गाल भाजला होता. मी बघितलं होतं."

फेलिंगच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. तिला वाटलं होतं, कुणी बघितलंच नाही.

"उठव मला," लोला म्हणाली, आणि हात फेलिंगच्या दिशेने केला.

फेलिंगने आधी आशीर्वादासाठी तो हात कपाळाला लावला, मग तिला उठवलं. गायोन मधल्या मध्ये चेंगरली आणि कुरकुरायला लागली. बाहेर ऊन कडक होतं. फेलिंग नवऱ्यासमोर उभी राहिली आणि नात त्याच्यापुढे धरली.

"हिला उन्हात नको. घे."

तो उभा होता. इस्त्रीचा बारोंग, वळवलेले केस, आणि जायला कुठे जागा नाही. गायोनने आपण होऊनच दोन्ही हात पुढे टाकले, त्याच्या बारोंगची वरची गुंडी पकडली आणि तोंडात घातली.

"मी काय करू तीन वर्षं?" तो हळू आवाजात म्हणाला. त्या आवाजात तिला बऱ्याच वर्षांनी तिच्याशी लग्न केलेला मुलगा ऐकू आला.

"आधी गुंडी काढ तिच्या तोंडातून. बाकीचं संध्याकाळी बोलू."

दारात बँडवाले गोंधळून उभे होते. त्यांना जे ठरवून दिलं होतं ते मेमोंगचं गाणं होतं. बँडप्रमुखाने पायरीवरच्या मेमोंगकडे बघितलं. कडेवर नात, गुंडी ओली. मेमोंगने एक क्षण मान खाली घातली, मग हाताने वाजवा अशी खूण केली.

घरापासून नगर कचेरीपर्यंत चारशे पावलं. लोला सेंता सावकाश चालत होती, म्हणून सगळे सावकाश चालत होते, आणि त्यामुळे सगळ्यांना बघायला भरपूर वेळ मिळाला. आधी न्हाव्याच्या दुकानातली माणसं बाहेर आली. मग मासळीवाल्या बायका ओल्या हातांनी उभ्या राहिल्या. छत्रीखाली कोण आहे, हे एकीने दुसरीला विचारलं, आणि उत्तर रस्त्याने बँडच्याही पुढे धावत गेलं. चौकात पोचेपर्यंत तिनागोच्या बायकांचा घोळका येऊन मिळाला. बाजाराला उतरल्या होत्या, कडेवर पोरं, डोक्यावर टोपल्या, सगळ्या फेलिंगच्या मागे. पासिंग सगळ्यांना ढकलून वाट करत होती, आणि तिकोय सगळ्यांत पुढे हात हलवत होता, जणू ही कल्पना मुळातच त्याची.

छत्रीची सावली छोटी होती. दोघींना पुरावी म्हणून फेलिंग थोडी वाकून चालत होती. लोलाचा हात खाली यायला लागला तेव्हा फेलिंगने खालून दांडा धरला, आणि उरलेली शंभर पावलं चार हातांनी छत्री धरून दोघी चालल्या.

तिथल्या निवडणूक कचेरीत पंखा फिरत होता आणि वारा येत नव्हता. पावणेचार झाले होते. टेबलामागचा अधिकारी तिचा विद्यार्थी निघाला. चौथीतला, सात आणि नऊचा पाढा कायम चुकणारा. तो उठून उभा राहिला, मग आपण सरकारी माणूस आहोत हे आठवून परत बसला. कागद तपासले, शपथ दिली, शिक्के मारले. पाकिटावरच्या दातांच्या खुणा बघून त्याने काही विचारलं नाही.

शेवटच्या पानावर एक चौकट रिकामी होती.

"मतपत्रिकेवर छापायचं नाव," तो म्हणाला, आणि जुनी नोंद काढून बघितली. "मागच्या वेळेसारखंच ठेवू का? मिसेस..."

"नाही," फेलिंग म्हणाली.

तिने कागद स्वतःकडे वळवून घेतला. त्यावर कुठेही पिवळी चिठ्ठी नव्हती. दारात लोला सेंता खुर्चीवर बसली होती, मिटलेली छत्री गुडघ्यांवर आडवी. बाहेर बँड पुन्हा पहिल्यापासून तेच गाणं वाजवत होता, कारण त्याला दुसरं येत नव्हतं.

बावीस वर्षं फळ्यावर लिहिलेल्या अक्षरात, प्रत्येक वळण सुटं आणि स्पष्ट, शेवटच्या बाकावरच्या मुलालाही वाचता येईल असं, तिने लिहिलं:

माएस्त्रा फेलिंग.